बुटकीचं आवतन

इसनाथ मेस्तरीसमोर कुठल्याही यंत्राला 'बंद पडलं' म्हणायची सोय नव्हती. तलवाड्याच्या फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लाकडी बाकडं आणि ऑइल सांडून सांडून काळी झालेली जमीन. कुणी पाण्याची मोटार घेऊन यायचं, कुणी फवारणीचा पंप, आणि गाडीवरून उतरता उतरताच सांगायचं, "मेस्तरी, बंद पडलं बगा." त्यावर हा मान वर न करता म्हणायचा, "बंद नगं म्हनू. रुसलंय. कावून रुसलंय ते बगू."

मग त्याचा तो लांब पेचकस निघायचा. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. तो आतलं ऐकायचा. अशा वेळी त्याच्याशी कुणी बोललं तर उत्तर मिळत नसे आणि दुसऱ्यांदा बोललं तर हातातलं तेलकट फडकं अंगावर यायचं. मी ते दोन वेळा खाल्लेलं आहे. एकदा तर शाळेवर निघालो होतो, पांढरा शर्ट घालून.

आम्ही एका वर्गातले. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आणि एकमेकांना 'बे' शिवाय हाक मारली नाही. पुढे मी डी.एड. करून जिल्हा परिषदेत लागलो, तेलगावकडच्या शाळेवर गेलो, आणि पहिल्या सुट्टीत गावी आलो तर हा मला म्हणाला, "कवा आले मास्तर? बरं हाय ना तुमचं?" मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. त्याच्या लेखी मास्तर झालेल्या माणसाला अरेतुरे करायचं नसतं. मी चिडलो, भांडलो, एक दिवस अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. तो मला तुमी म्हणत राहिला आणि मी त्याला तू. चाळीस वर्षं हे असंच चाललं आणि मला ते कधीही आवडलं नाही.

तब्येतीनं काटकुळा. उजव्या हाताचा अंगठा वाकडा. तो वाकडा अंगठा आमच्या घरचा आहे.

माझ्या वडिलांची, दादांची, तलवाड्याला मोसंबीची बाग होती. झाडांच्या फांद्या खाली वाकलेल्या, त्यामुळे मोठा ट्रॅक्टर आत जात नसे. दादांनी कुठल्याशा सरकारी फळबागेच्या लिलावातून एक परदेशी बनावटीचा लहान ट्रॅक्टर आणला. उंचीला कमरेएवढा, एका सिलेंडरचा, हँडल मारून चालू करायचा. गावात आला तेव्हा पोरांपेक्षा बायका जास्त हसल्या. कुणीतरी 'बुटकी' म्हणालं आणि तेच नाव पडलं. ती चालवायला दादांनी इसनाथला ठेवलं. तेव्हा तो विशीतला. पहिल्याच आठवड्यात हँडल उलटं फिरलं आणि अंगठा मोडला. अशा हँडलला अंगठ्याचा विळखा घालायचा नसतो, चारी बोटांच्या बाजूलाच अंगठा ठेवायचा असतो, हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दादा त्याला घेऊन गेवराईला डॉक्टरकडे गेले. वाटेत हा दादांना काय म्हणाला असेल? "दादा, तिची चूक न्हाई. माजा हात नवा हाय तिला."

त्यावरून त्यानं आयुष्यभराचा एक नियम केला. दुरुस्त केलेलं इंजिन तो स्वतः कधी चालू करून देत नसे. मालकानं करायचं. "धन्याचा हात वळकीचा पायजे," म्हणायचा. म्हातारी माणसं, बाया, कुणाची सुटका नव्हती. मालकाला चार वेळा जमलं नाही तरी हा हाताची घडी घालून उभा. पाचव्यांदा इंजिन धडधडलं की माणसाच्या तोंडावर जे हसू यायचं, ते बघायला तो असं करत असावा असा माझा संशय आहे.

सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, एक गोष्ट नेहमी सांगतात. एका वर्षी दोघं नारायणगडाला दर्शनाला निघाले. चढाला लागायच्या आधी रस्त्याकडेला एक जीप तोंड उघडून उभी, आत लेकरंबाळं. इसनाथ म्हणाला, "तू चल म्होरं, म्या आलोच." वहिनी गडावर गेल्या, दर्शन घेतलं, दोन तास वाट बघितली, प्रसाद घेऊन खाली आल्या. हा जीपखाली आडवा. त्या जीपवाल्यांनी दर्शन घेऊन परत येऊन याला प्रसाद दिला तेव्हा कुठे हा बाहेर आला. वहिनी चिडून म्हणाल्या, "देवाच्या दारात येऊन असं करतेत का कुनी?" तर हा म्हणाला, "लांबून हात जोडले की. काळे व्हते म्हून जवळ न्हाई गेलो."

मी निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा बाग नव्हती. ती त्या मोठ्या दुष्काळातच गेली. विहिरीनं तळ दाखवला, झाडं उभ्या उभ्या वाळली, दादांनी ती तोडून घेतली आणि पुढच्या वर्षी दादाही गेले. बुटकी मळ्यातल्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. चाकांचे टायर मातीत मुरलेले, सीटच्या खालून एक बाभळीचं रोपटं वर आलेलं. मी भंगारवाल्याला बोलावलं. ही बातमी फाट्यावर कुणी पोचवली माहीत नाही, पण भंगारवाल्याच्या आधी इसनाथ सायकलवर हजर. शेडमध्ये गेला, बुटकीच्या बॉनेटवरची धूळ बाहीनं पुसली आणि मला म्हणाला, "मास्तर, भंगारवाल्याला चा पाजा अन वाटंला लावा. पोळ्यापातूर ही चालंल."

"पोळ्याचाच मुहूर्त का?" मी विचारलं.

"लागंल तेवढा टायम," म्हणाला. हे उत्तर नव्हतं, पण मी मास्तर असूनही ते सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या तसं आम्ही कामाला लागलो. तो सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास यायचा. मी हाताखालचा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांना 'हात पुढे कर' म्हणणाऱ्याला आता कुणी 'पाना पुढं करा' म्हणत होतं. पिस्टन आत घट्ट धरून बसला होता. मी म्हणालो, हातोडीनं ठोकू. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी हातोडी जागेवर ठेवली. त्यानं वरच्या भोकातून डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाक हातानं जरासं हलवून बघितलं. नाही हललं. पुन्हा ओतलं. असं रोज. अकराव्या दिवशी तो म्हणाला, "आज केसभर हालली." मला काहीच हललेलं दिसलं नाही, पण त्याचे डोळे ओले होते, म्हणून मीही हो म्हणालो.

हँडल सापडेना. सगळं घर, माळा, गोठा पालथा घातला. शेवटी तोच गोठ्यात थबकला आणि हसत खाली बसला. आमची म्हैस ज्या खुंट्याला बांधलेली होती, तो खुंटा म्हणजेच हँडल. अर्धं जमिनीत, वरचा वाकडा भाग दाव्याला सोयीचा. म्हैस हलवून, दुसरा खुंटा ठोकून ते उपटलं. इसनाथ म्हणाला, "बरं झालं. जनावराजवळ व्हतं. थंड न्हाई पडलं."

मी एक चूक केली. तो नसताना हेडचा एक नट सुटेना म्हणून पान्यावर सगळा जोर लावला आणि बोल्ट आतच तुटला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सकाळी तो आला, बघितलं आणि विचारलं, "पोरांचे कानबी असेच पिळले का ओ तुमी?" एवढंच. मग दोन सकाळी तो तुटका तुकडा बाहेर काढण्यात गेल्या. त्याबद्दल पुन्हा एक शब्द नाही. मला मात्र अजून दहा-वीस कान आठवले, ते वेगळं.

पोळ्याचं कारण मला कळलं ते वॉल, म्हणजे इंजिनातल्या झडपा, घासताना. ते काम हातानं करायचं असतं. दोन्ही तळहातांमध्ये काठी धरून रवीसारखी घुमवत राहायची, तासन् तास. त्याचे हात चालू होते आणि तो खाली बघत बोलत होता.

"मन्या-हौश्या आठवतेत का तुमाला?"

त्याची बैलजोडी. मला आठवत होती.

"त्या दुस्काळात छावनी उठली. चारा काईच न्हवता. इकायचं ठरलं. पर म्या म्हनलं, पोळा व्हऊ दे. खांदेमळनी केली, लोनी-हळद लावली, आवतन दिलतं. आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. सकाळी टरक आला दारात. वहिनी तुमची पुरन वाटत व्हती. म्या म्हनलं, दुपारपातूर थांब बाबा. त्यो म्हनला, आजून तीन गावं घ्यायचेत, द्यायचे तर आत्ता दे. इंजनबी चालूच ठिवलं त्यानं." काठी थांबली. "इकले त्याचं दुक न्हाई मास्तर. न इकते तर दावनीला मेले असते. पर आवतन देऊन उपाशी धाडले. हौश्या टरकात चढताना मागं बगत व्हता. त्याला वाटलं आसंल, जेवाया बोलावलंय तर हे कुटं चाललो."

तेव्हापासून त्यानं पुरणपोळी तोंडात घातली नव्हती. दर पोळ्याला दुकानाचे पत्रे लावून तो कुठेतरी निघून जायचा. गावात समजूत होती की त्याला मिरवणुकीतला गोंधळ आवडत नाही.

"मग बुटकीचं काय?" मी विचारलं.

"ती पन दादाच्या दावनीचीच की. तिला आवतन देऊ, जेवू घालू. टाकीवर पोळी ठिवायची, मंग गाईला चारायची." मी हसलो असणार, कारण तो म्हणाला, "हासू नका. लोखंडाला भूक नसती, म्हाईत हाय मला. पर शबुद तर पुरा व्हईल."

त्याच सुमारास त्याला दम लागायला लागला होता. हँडल उचलून ठेवलं तरी बाकड्यावर बसायचा. मी मागे लागून त्याला बीडला दाखवायला नेलं. बाहेर आला तो हसतच. "काळीज मोटं झालंय म्हनत्यात. वहिनीला सांगा तुमच्या. ती म्हनती तुमाला काळीजच न्हाई." गोळ्या दिल्या होत्या. काम करू नको म्हणून सांगितलं होतं. मी त्याला म्हणालो, बुटकी राहू दे, पुढच्या पोळ्याला बघू. तो एकदम गंभीर झाला. "न्हाई मास्तर. ह्याच." पुढच्या पोळ्याचं त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

डिझेलचा पंप दुरुस्तीला बीडला गेला होता. तो आला पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी. ऊन उतरेपर्यंत सगळं जोडून झालं. नियमाप्रमाणे हँडल मी मारायचं. वरची छोटी कळ उचलायची, हँडल फिरवून वेग द्यायचा आणि कळ सोडायची. तो बाजूला उभा राहून सांगत होता. "अंगठा वर. आता फिरवा. आजून. आजून. सोडा!" सहा वेळा काही झालं नाही. सातव्या वेळी बुटकी खोकली, काळा धूर सोडला आणि टक-टक-टक सुरू झाली. म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली, आमची ही पीठाचे हात घेऊन बाहेर आली. इसनाथनं पेचकस लावला, डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच होता. मग म्हणाला, "हाय. तीच हाय." आणि रडला. मीही रडलो. सांगायला लाज कसली.

मग त्यानं लोणी-हळद मागितली. पळसाच्या पानानं बुटकीच्या पुढच्या आसाला, जिथं बैलाचा खांदा असता तिथं, दोन्हीकडून मळली. हात जोडून हळू आवाजात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उरलेली हळद माझ्या बोटांना होतीच. म्हणालो, "तूही आवतन घे. उद्या आमच्याकडं जेवायला ये. पुरणपोळी."

इतक्या वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं की तो विषय बदलायचा. त्या दिवशी म्हणाला, "येतो."

सकाळी दहाच्या सुमारास मी बुटकी धुऊन झेंडूची माळ घालत होतो. आतून पुरणाचा, वेलदोड्याचा वास सुटला होता. एक जीप मळ्यात शिरली. शेजारच्यांची जीप, पुढच्या सीटवर इसनाथ, मागे वहिनी. त्याचे ओठ निळसर दिसत होते.

"रातपासून दम लागलाय," वहिनी म्हणाल्या. "बीडला चाललोत. तर म्हनत्यात, आदी मळ्यावर घ्या."

"चालू करा मास्तर," तो म्हणाला. "आयकून जातो."

मी माळ बाजूला ठेवून हँडल घातलं. दोनदा हँडल मारलं, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा मुठीत धरलं आणि जीपमधून तो ओरडला, "आंगठा! आंगठा वर ठेव बे!"

चाळीस वर्षांनी. मी अंगठा वर घेतला, हँडल फिरवलं आणि बुटकी चालू झाली.

तो सीटवर मागे टेकला. खाली उतरायची ताकद नव्हती, म्हणून कानामागे हात धरून ऐकत राहिला. म्हणाला, "वॉल जरा ठोकतोय. आल्यावर बगू."

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पोळ्या झाल्या असतील तर घासभर द्या की ह्यास्नी. कालपासून पोटात काई न्हाई. किती वर्सांनी खातो म्हनले व्हते."

पोळ्या झाल्या होत्या. चार तरी तव्यावरून उतरल्या होत्या, मला माहीत होतं. पण आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या तोंडी घास गेल्याशिवाय घरातलं माणूस ताटावर बसत नाही. दादांच्या वेळेपासूनची रीत. बुटकीला अजून मारुतीला नेलेलं नव्हतं, ओवाळलेलं नव्हतं. मी घुटमळलो. तेवढ्यात तोच म्हणाला, "आदी तिला. मंग मी."

आणि मी, नियमाचा माणूस, म्हणालो, "बरोबर आहे. तू ये जाऊन. ताट झाकून ठेवतो."

त्यानं मान हलवली. जीप वळताना काचेतून हात बाहेर काढून म्हणाला, "तिला उपाशी ठिवू नगं बे."

म्हणून मी त्याच्याबरोबर बीडला गेलो नाही. दुपारी साडेबाराला गाडीवाल्याचा फोन आला. इसनाथ गेला होता. मी मिरवणूक काढली नाही. बुटकीच्या टाकीवर पोळी ठेवली, हात जोडले, ती पोळी गाईला चारली आणि मिळेल त्या गाडीनं बीड गाठलं. त्याचा शब्द पुरा झाला. नंतर वहिनींनी सांगितलं, गेवराई मागे पडल्यावर त्यानं एकदाच विचारलं होतं, "वाजती का आजून?" त्या म्हणाल्या, "वाजती." मी तर जीप दिसेनाशी झाली तशी डिझेल वाचवायला म्हणून ती थांबवली होती.

बुटकी आता चालते. दर पोळ्याला मीच तिला आवतन देतो, मारुतीला नेतो, जेवू घालतो. पुरणपोळी मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

डोळ्यांपुढे राहिलाय तो त्या जीपमधला. कानामागे हात, वाकडा अंगठा, जरासं उघडं तोंड. मन्या-हौश्याच्या ट्रकवाल्याला होती तशी घाई या गाडीवाल्याला नव्हती. आपल्यातलाच माणूस तो. त्यानं इंजिन थांबवलं होतं आणि खाली उतरून तंबाखू मळत होता. शेडपासून आमचं स्वयंपाकघर पंधरा पावलांवर आहे. मी नंतर मोजली.